शाळा सोडण्याचे कारण

अनुदानित शाळेत 30 सप्टेंबरचा धाक दहावीच्या निकालापेक्षा मोठा. त्या दिवशीच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरतं, आणि आमच्यातलं कोण 'अतिरिक्त' ठरून दुसऱ्या शाळेत जाणार ते कळतं. त्यातही आधार वैध असलेलंच पोर मोजायचं. लालबागच्या आमच्या शाळेत तेव्हा नववी-दहावी मिळून 47 मुलं, आणि तिघांची नावं आधारशी जुळेनात. मी शिकवते इतिहास. पण लिपिक निवृत्त झाल्यापासून ती जागा रिकामी, म्हणून तास संपला की ऑफिसात मीच.

सकाळीच नववीतल्या एकाची आई दाखला मागायला आली. चाळ पुनर्विकासाला गेलेली, बिल्डर देतो त्या भाड्यात इथं खोली मिळत नाही, बदलापूरला चाललोय म्हणाली. मी म्हटलं, "ताई, उद्या नेलात तर चालेल?" का, ते सांगितलं नाही. ती बरं म्हणून गेली.

दुपारी पंचावन्नच्या आसपासचे एक गृहस्थ आले. वडील गिरणीत होते, गिरणी कामगारांच्या घरासाठी वारस म्हणून कागद जमवत होते. शाळेचा दाखला हवा होता. "1979 ला पाचवीत आलो, बाई. आठवीत सुटली."

कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढलं. कापडी पुठ्ठा, डांबरगोळ्यांचा वास, सेलोटेप पिवळी पडून पानालाच चिकटलेली. त्या जूनमध्ये पाचवीला अ ते फ अशा सहा तुकड्या होत्या, हे वाचून मीच थबकले. नाव सापडलं. शेवटून दुसरा रकाना, शाळा सोडण्याचे कारण: 'गावी गेल्यामुळे'. त्याच्याखाली 'वरीलप्रमाणे'. त्याखाली पुन्हा 'वरीलप्रमाणे'. एकाच वळणदार अक्षरात, बहुतेकांची तारीख जून 1982.

18 जानेवारी 1982, डॉ. दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, हेही सांगते. पण आमच्याच कपाटात तो असा ओळीनं मांडून ठेवलेला मला ठाऊक नव्हता.

गृहस्थांनी चष्मा वर केला. "गावी? मी कुठं गेलो गावी? घर पडलेलं, जमीन चुलत्यांकडे. मी समोरच्या हॉटेलात होतो, कपबश्या विसळायला." मग त्या अक्षरावर बोट ठेवून हसले. "ह्यांचं अक्षर ओळखतो मी. ह्यांना चहा मीच आणून द्यायचो, इथंच, ह्या टेबलावर."

"विचारलं नाही त्यांनी, शाळेत का येत नाहीस म्हणून?"

"विचारायचे की. मी म्हणायचो, सोमवारपासून येतो."

दाखला नेल्याच्या सहीची जागा कोरी होती. म्हणजे दुय्यम प्रतीची भानगड नाही, प्रतिज्ञापत्र नको, हा त्यांचा पहिलाच दाखला. मात्र तो रजिस्टरबरहुकूमच द्यावा लागतो. कारण बदलता येणार नाही, हे सांगताना मला अवघडल्यासारखं झालं. "राहू द्या हो," म्हणाले. "जन्मतारीख आणि बापाचं नाव बरोबर आहे ना? झालं तर."

सही करून निघाले, दारातून परत फिरले. "आत्ता किती तुकड्या आहेत?"

"एकेकच."

त्यावर काही बोलले नाहीत. दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, घडी न पडेल असा छातीशी धरून जिना उतरले. त्या तिघांपैकी दोघांचं आधार संध्याकाळपर्यंत जुळलं.

दुसऱ्या दिवशी ती ताई आली. मुलगा बाहेर सायकल धरून उभा, आत यायला तयार नाही. तो रकाना जेमतेम दोन बोटं रुंद. चाळ, बिल्डर, भाडं, बदलापूर यातलं काय मावणार होतं त्यात? 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहिलं, 1 ऑक्टोबर तारीख घातली आणि तिच्यापुढे सहीला रजिस्टर सरकवलं.