वहीतली रात्रीची नोंद

तासगाव तालुक्यात एप्रिलमध्ये द्राक्षबागांची खरड छाटणी सुरू असते. बायपोलर आजाराने दोन वर्षे घरात बसलेला माणूस यंदा पुन्हा छाटणीला उभा राहिला, याचा आनंद त्याच्या बायकोइतकाच मलाही झाला होता. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मी समाजसेविका आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी घरात रोज घेतली जाते ना, हे पाहण्यात माझा बराचसा दिवस जातो.

त्या रात्री साडेआठला तिचा फोन आला. "ताई, ह्यांचा चहाचा कप बशीवर वाजतोय. बोलणंबी जड झालंय." मागून सासूबाई म्हणत होत्या, "परत सुरू झालं त्याचं." मी विचारले, "गोळ्या चुकल्या का?"

"एकबी न्हाई."

मग आजचीही चुकवू नका आणि सकाळी घेऊन या, असे मी सांगितले. इतकी वर्षे प्रत्येक कुटुंबाला मी हेच सांगत आले आहे, आणि ते वाक्य बोलताना मी क्षणभरही थांबले नाही.

सकाळी भाच्याने त्याला धरून आणले. पाय फाकवून, तोल सावरत तो चालत होता. वाटेत दोनदा उलटी झाली होती. बायकोने पिशवीतून शंभर पानी वही काढली. झोप, जेवण आणि गोळीची वेळ रोज लिहायला मी सर्वांनाच सांगते, पण बहुतेक घरांत पंधरा दिवसांत ते बंद पडते. हिने एक दिवसही सोडला नव्हता. उन्माद परततो तेव्हा आधी झोप उडते. इथे मागचे चारही दिवस झोप सात तासांच्या पुढे होती. तीन दिवसांपूर्वीच्या ओळीत लिहिले होते, 'कंबर धरली, दवाखान्यातून गोळ्या आणल्या, दिवसाला दोन.' ती पाकिटेही तिने जपून आणली होती. डायक्लोफेनॅक.

त्याची रोजची गोळी लिथियमची होती. लिथियम हा एक क्षार आहे. उन्हात घामावाटे पाणी आणि मीठ गेले की मूत्रपिंडे सोडियम धरून ठेवतात आणि त्याच्यासोबत लिथियमही अडकते. त्यात असे वेदनाशामक पडले की लिथियम रक्तात साचत जाते. कंबरेची गोळी देणाऱ्या डॉक्टरांनी "दुसरे काही औषध चालू आहे का" एवढे विचारायला हवे होते. मानसिक आजाराचे औषध लोक आपण होऊन सांगत नाहीत, म्हणून तर विचारायचे.

आमच्या डॉक्टरांनी लिथियम थांबवले आणि सलाईन लावले. लिथियमची पातळी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी पाहायची असते, आणि बहुतेक नातेवाईक "रात्री जेवल्यावर घेतली" इतकेच सांगतात. वहीत ९.१० लिहिले होते. आम्ही ९.१० लाच रक्त काढले आणि मिरजेला पाठवले. साधारण ०.६ ते १.० असावी अशी ती पातळी १.९ निघाली.

पाच दिवसांनी त्याचे हात स्थिर झाले. घरी जाताना तिने विचारले, "मग त्या रात्रीची गोळी द्यायला नको होती का?" नको होती, मीच चुकीचे सांगितले, असे मी म्हणाले. ती काही बोलली नाही. वहीचे शेवटचे पान उघडून तिने माझ्यासमोर ठेवले आणि पेन दिले. हात थरथरणे, उलटी किंवा जुलाब, तोल जाणे, बोलणे जड होणे, यांतले काहीही दिसले तर पुढची गोळी न देता आधी डॉक्टरांना फोन करायचा, असे मी माझ्या अक्षरात लिहिले आणि खाली तारीख घातली.