लिंकनच्या मारेकऱ्याच्या वाटेवरून दोन दिवस

माझे वडील साताऱ्यात तीस वर्षे इतिहास शिकवत होते. अब्राहम लिंकन यांच्यावरचा धडा त्यांनी किती वेळा शिकवला असेल याची गणतीच नाही, परंतु धड्याच्या शेवटी एका नटाने लिंकनना गोळी घातली एवढेच वाक्य असे, आणि ती का घातली असे एखाद्या मुलाने विचारले की नीट उत्तर देता येत नसे, याची खंत त्यांनी अनेकदा बोलून दाखवली होती. या वर्षी ते एप्रिलमध्ये आमच्याकडे व्हर्जिनियात आले तेव्हा वॉशिंग्टनमधली नेहमीची स्थळे बाजूला ठेवून, तो नट, जॉन विल्क्स बूथ, १४ एप्रिल १८६५ च्या रात्री ज्या वाटेने पळाला ती वाट शेवटपर्यंत पाहायची असे आम्ही ठरवले. हे अंतर साधारण नव्वद मैलांचे आहे. बूथला त्यासाठी बारा दिवस लागले. मोटारीने ते एका दिवसात उरकता येते, तरीही त्यासाठी दोन दिवस ठेवावेत आणि तिसरा अर्धा दिवस बाल्टिमोरसाठी राखावा असा माझा आग्रह राहील.

सुरुवात टेन्थ स्ट्रीटवरच्या फोर्ड्‌स थिएटरपासून करावी. मेट्रो सेंटर स्थानकावर उतरून अकराव्या रस्त्याच्या बाजूने बाहेर पडले की पाच मिनिटांत तेथे पोहोचता येते. मोटार घेऊन गेल्यास गाडी लावायला जागा शोधण्यात सकाळ वाया जाते. प्रवेशासाठी ठरावीक वेळेचे तिकीट लागते आणि ते आधीच काढून ठेवावे. येथे आजही नाटके होतात, त्यामुळे तालीम किंवा दुपारचा प्रयोग असेल त्या दिवशी प्रेक्षागृह पाहायला मिळत नाही. आदल्या दिवशी वेळापत्रक पाहून घेणे हाच त्यावरचा उपाय आहे.

प्रेक्षागृहात बसून उजवीकडे वर पाहिले की राष्ट्राध्यक्षांचा कक्ष दिसतो आणि तो किती जवळ आहे याचे आश्चर्य वाटते. बूथला ही वास्तू घरच्यासारखी परिचित होती. त्याची पत्रेसुद्धा याच पत्त्यावर येत. नाटकात हमखास हशा पिकणारे वाक्य कधी येते हे त्याला पाठ होते, आणि सव्वादहाच्या सुमारास त्याच हशाच्या आड त्याने एकच गोळी मावणाऱ्या लहानशा पिस्तुलाने लिंकन यांच्या डोक्यात मागून गोळी झाडली. शेजारी बसलेल्या मेजर रॅथबोन यांनी त्याला धरण्याचा प्रयत्न केला तेव्हा त्यांच्या हातावर सुऱ्याने वार करून त्याने सुमारे बारा फूट खाली रंगमंचावर उडी घेतली. ते पिस्तूल, त्याची रोजनिशी आणि कापलेला बूट तळघरातल्या संग्रहालयात आहेत. बहुतेक लोक वरचा कक्ष पाहून निघून जातात. आपण तसे करू नये आणि तळघरासाठी किमान दीड तास ठेवावा. समोरच्या पीटरसन यांच्या घरात लिंकन यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी प्राण सोडला. ते घर उघडे आहे का, याचीही आधी चौकशी करावी.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला याच तळघरात मिळायला लागले. बूथ वेडा नव्हता आणि उपेक्षितही नव्हता. १८३८ साली मेरीलँडमध्ये जन्मलेला हा तरुण अमेरिकेतल्या सर्वांत प्रसिद्ध नट घराण्यातला होता. रोमच्या ज्युलिअस सीझरला मारणाऱ्या ब्रूटसचे नाव लाभलेले त्याचे वडील ज्युनिअस ब्रूटस बूथ आणि भाऊ एडविन हे दोघेही शेक्सपिअरच्या भूमिकांसाठी नावाजलेले होते. देखणा, लोकप्रिय आणि वर्षाला वीस हजार डॉलर मिळवतो असे सांगणारा हा माणूस यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूचा होता, पण सैन्यात जाणार नाही असे वचन त्याने आईला दिले होते. १८६४ मध्ये बहिणीकडे ठेवलेल्या एका पत्रात त्याने हा देश गोऱ्यांसाठी निर्माण झाला, कृष्णवर्णीयांसाठी नव्हे, असे स्वच्छ लिहून ठेवले आहे. प्रथम त्याचा बेत लिंकन यांना पळवून नेऊन त्यांच्या बदल्यात दक्षिणेचे युद्धकैदी सोडवण्याचा होता आणि त्यासाठी त्याने माणसे जमवली होती. मार्च १८६५ मधला तो प्रयत्न लिंकन यांचा कार्यक्रम बदलल्यामुळे फसला. ९ एप्रिलला दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण गेले आणि त्या बेताला अर्थच उरला नाही. ११ एप्रिलच्या संध्याकाळी लिंकन यांनी जमावापुढे केलेल्या भाषणात, शिकलेल्या आणि सैन्यात लढलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार मिळावा असे आपले मत सांगितले. त्या जमावात बूथ उभा होता. हे याचे शेवटचे भाषण, असे तो सोबत्याला म्हणाला, आणि तीन दिवसांनी त्याने तो शब्द खरा केला.

बाबा या भाषणाच्या फलकापुढे बराच वेळ उभे होते. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केले, हे ते वर्गात दरवर्षी सांगत. पण ज्या कार्यासाठी ती अर्पणपत्रिका लिहिली गेली त्याच कार्यामुळे लिंकन मारले गेले, हा दुवा धड्यात कोणी जोडून दिला नव्हता, असे ते मला बाहेर आल्यावर म्हणाले.

थिएटरच्या मागची बॅप्टिस्ट ॲली ही गल्ली अवश्य पाहावी. बूथचा घोडा येथे एका पोऱ्याच्या हाती धरून ठेवलेला होता. तेथून चायनाटाउनमध्ये एच स्ट्रीटवर गेले की मेरी सरॅट यांची खाणावळ असलेली इमारत दिसते. कटवाले तेथे भेटत. आज तळमजल्यावर उपाहारगृह आहे, आणि भिंतीवरची पाटी लक्ष देऊन शोधावी लागते.

मोटारीचा प्रवास येथून सुरू होतो. बूथ अ‍ॅनाकोस्टिया नदीवरच्या नेव्ही यार्ड पुलावरून गेला. आजच्या अकराव्या रस्त्याच्या पुलावरून आपण तीच नदी जवळपास त्याच ठिकाणी ओलांडतो. युद्धामुळे रात्री नऊनंतर पुलावरून ये-जा करायला बंदी होती, तरी पहाऱ्यावरच्या सार्जंटने त्याला जाऊ दिले, आणि पलीकडे कटातला साथीदार डेव्हिड हेरल्ड त्याला येऊन मिळाला. तेरा मैलांवर, आज क्लिंटन म्हणतात त्या गावात, सरॅट कुटुंबाचे लाकडी घर आहे. ते तेव्हा पांथस्थांसाठी दारूचे दुकान आणि टपाल कचेरीही होते. मध्यरात्री येथे थांबून बूथ आणि हेरल्ड यांनी आधीच लपवून ठेवलेली बंदूक, दुर्बीण आणि व्हिस्की घेतली. दुसरी बंदूक भिंतीतच राहिली आणि पुढे ती खटल्यात पुरावा ठरली. मेरी सरॅट यांना ७ जुलै १८६५ रोजी पॉवेल, हेरल्ड आणि ॲट्झेरॉट या कटवाल्यांसह फाशी देण्यात आली. अमेरिकेच्या केंद्र सरकारने फाशी दिलेल्या त्या पहिल्या स्त्री. त्यांना किती माहीत होते याविषयी आजही वाद आहे. त्यांच्या भाडेकरूची साक्ष वाचल्यावर त्या अगदी अजाण होत्या असे मला वाटत नाही, पण फाशी ही शिक्षा जास्त झाली असे बाबांचे ठाम मत पडले.

तेथून वॉल्डॉर्फजवळच्या डॉक्टर सॅम्युअल मड यांच्या घराकडे जावे. बूथ पहाटे चारच्या सुमारास तेथे पोहोचला, तेव्हा त्याच्या डाव्या पायाचे हाड मोडलेले होते. ते उडी मारताना मोडले असे त्याने स्वतः लिहिले आहे, तर घोडा पडल्यामुळे मोडले असावे असे काही अभ्यासक मानतात. ज्या कोचावर त्याला निजवले होते तो अजून तेथे आहे. मड यांनी आपण त्याला ओळखले नाही असे सांगितले, परंतु काही महिन्यांपूर्वीच दोघांची भेट झाली होती. त्यांना जन्मठेप झाली, तुरुंगात पीतज्वराची साथ आली तेव्हा त्यांनी रुग्णांची सेवा केली आणि १८६९ मध्ये त्यांना माफी मिळाली. या वाटेवरची लहान संग्रहालये आठवड्यातले मोजकेच दिवस आणि वर्षातले मोजकेच महिने उघडी असतात. संकेतस्थळावरच्या वेळा पाहून आम्ही एका ठिकाणी गेलो, तर दाराला कुलूप होते आणि बाबांना जिन्याच्या पायऱ्यांवर बसून राहावे लागले. म्हणून निघण्याच्या दिवशी सकाळी दूरध्वनी करून खात्री करून घ्यावी.

दुसरा दिवस मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच बरेच लोक वगळतात. ला प्लाटा गावात मुक्काम केल्यास सकाळी लवकर निघता येते. झकाया दलदलीच्या कडेने ऑस्वेल स्वान या स्थानिक माणसाने पैशांच्या मोबदल्यात दोघांना रिच हिल या सॅम्युअल कॉक्स यांच्या घरापर्यंत आणले. पुढचे जवळपास पाच दिवस ते बेल आल्टनजवळच्या पाइनच्या दाट रानात पडून होते आणि दक्षिणेचे हस्तक टॉमस जोन्स त्यांना अन्न व वर्तमानपत्रे आणून देत होते. रान खाजगी मालकीच्या जमिनीत असल्यामुळे रस्त्याकडेचा फलक वाचूनच समाधान मानावे, आत शिरू नये. एप्रिलपासून या भागात गवतात गोचीड असतात. पायांत मोजे आणि लांब विजार हवी आणि संध्याकाळी अंग तपासून घ्यावे.

या रानातच बूथला आपली कीर्ती वर्तमानपत्रांतून कळली. दक्षिणेत आपला जयजयकार होईल अशी त्याची खात्री होती, आणि छापून आले होते ते भ्याड खुनी म्हणून. पोटोमॅक ओलांडण्याचा पहिला प्रयत्न फसून पुन्हा मेरीलँडच्याच किनाऱ्याला लागल्यावर त्याने रोजनिशीत लिहिले, की ब्रूटसला ज्या कृत्याबद्दल मान मिळाला तेच करून मी मात्र निराशेत पडलो आहे. वडिलांचे नाव आणि घरातली नाटके या माणसाच्या मनात किती खोल रुतली होती हे त्या एका वाक्यावरून कळते. जेमतेम पाच महिन्यांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये तिन्ही भावांनी ‘ज्युलिअस सीझर’ रंगवले होते, आणि त्यात ब्रूटस झाला होता एडविन. जॉनच्या वाट्याला अँटनी आला होता.

पोप्स क्रीकच्या काठावर थांबून नदीचे पात्र पाहावे. मैलाहून रुंद असलेले हे पाणी अंधारात वल्हवून पार करणे किती कठीण असेल, हे नकाशावर समजत नाही. नंतर ३०१ क्रमांकाच्या महामार्गाचा पूल ओलांडून व्हर्जिनियात उतरावे. पुलावर पथकर आहे आणि तो रोख घेतला जात नाही, हे भाड्याची गाडी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. व्हर्जिनियात डॉक्टर रिचर्ड स्टुअर्ट यांनी बूथला जेवण दिले पण घरात झोपू दिले नाही. तेव्हा तो जवळच राहणाऱ्या विल्यम लुकास या स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्याच्या झोपडीकडे गेला, सुरा दाखवून त्याने त्या कुटुंबाला बाहेर काढले, आणि लुकास यांच्या पत्नीला बरे नसतानाही सारे घर रात्रभर उघड्यावर राहिले. सकाळी त्यांच्याच मुलाने त्याला गाडीतून पोर्ट कॉनवेपर्यंत पोहोचवले. बूथ ज्या गोष्टीसाठी लढतो आहे असे म्हणत होता ती पाहायची असेल तर सगळ्या वाटेवर या झोपडीइतकी नेमकी जागा नाही. तिथल्या रस्त्याने जाताना मी गाडीचा वेग कमी केला आणि बाबांना ती हकीकत पुन्हा वाचून दाखवली.

रॅपहॅनॉक नदी ओलांडली की पोर्ट रॉयल येते आणि तेथून सुमारे तीन मैलांवर गॅरेट यांचे शेत होते. २६ एप्रिलच्या पहाटे सोळाव्या न्यूयॉर्क घोडदळाने, बूथ आणि हेरल्ड जेथे होते त्या तंबाखूच्या कोठाराला वेढा घातला. हेरल्ड शरण आला, बूथ आला नाही. कोठाराला आग लावल्यावर सार्जंट बॉस्टन कॉर्बेटने फटीतून झाडलेली गोळी त्याच्या मानेत लागली. ओसरीवर आणून ठेवल्यावर त्याने आपले हात वर धरायला सांगितले, त्यांच्याकडे पाहून ‘निरुपयोगी, निरुपयोगी’ असे म्हटले आणि सूर्योदयानंतर तो मेला. वय अवघे सव्वीस. बक्षिसाच्या रकमेतून कॉर्बेटला १,६५३ डॉलर आणि ८५ सेंट मिळाले. आज ते घर नाही, कोठार नाही. ती जागा महामार्गाच्या दोन्ही बाजूंच्या मधल्या झाडीत आहे आणि रस्त्याकडेला केवळ एक फलक उभा आहे. वाहने फार वेगाने जातात. उत्तरेकडे जाणाऱ्या बाजूने येऊन फलक वाचावा, सोबत वडीलधारी माणसे किंवा मुले असतील तर गाडीतून उतरण्याचाही मोह टाळावा, आणि रस्ता ओलांडण्याचे धाडस तर कोणीच करू नये.

प्रेत युद्धनौकेवर नेऊन हातावर गोंदलेल्या अद्याक्षरांवरून ओळखण्यात आले आणि वॉशिंग्टनच्या शस्त्रागारातल्या तुरुंगात पुरण्यात आले. १८६९ मध्ये ते कुटुंबाच्या ताब्यात मिळाले. म्हणून बाल्टिमोरच्या ग्रीन माउंट दफनभूमीत गेल्याशिवाय ही वाट पुरी होत नाही. दिवसाउजेडी, गाडीनेच जावे. फाटक लवकर बंद होते, त्यामुळे आधी वेळ विचारून घ्यावी आणि दारावरच्या माणसाकडून बूथ कुटुंबाच्या जागेची खूण समजून घ्यावी, नाहीतर त्या चढउतारांवर तासभर भटकावे लागते. वडिलांच्या उंच स्मारकस्तंभावर मागच्या बाजूला मुलांच्या नावांमध्ये जॉन विल्क्स हे नाव कोरलेले आहे. स्वतःचा असा नावाचा दगड त्याला नाही. जवळच एक लहान कोरा दगड आहे आणि लोक तोच त्याचा मानतात. आम्ही गेलो तेव्हा त्यावर तांब्याची एक-एक सेंटची बरीच नाणी ठेवलेली होती, लिंकन यांचा चेहरा वर करून. बाबांनी माझ्याकडे एक नाणे मागून घेतले आणि ते इतर नाण्यांच्या ओळीत नीट बसेल असे ठेवले.