तिला कुणी खो दिला नाही

छत्रीचं कापड कात्रीखाली सरकतं, एकीनं ताणून धरावं लागतं. २००४ च्या डिसेंबरात आमच्या माडीवर मी आणि आमची कॅप्टन दादांच्या जुन्या छत्रीच्या फिती काढत बसलो होतो. खालून आईनं विचारलं, "काय फाडाय लागलाय गं?" मी म्हटलं, "गॅदरिंगचं आहे." बारा फिती काढल्या. खो-खोच्या संघात आम्ही बाराजणी.

झालं होतं असं. आमच्या कॉलेजचं ग्राउंड म्हणजे सांगलीतल्या कुठल्याही मोकळ्या जागेसारखं सगळ्यांचंच. सभा, प्रदर्शन, एखादं मोठं लग्न. पंधरा दिवसांपूर्वी तिथं एक सभा झाली होती. मांडव गेला, खांबांचे खड्डे राहिले. मंडपवाल्यानं पायानं माती लोटली, वरून दिसायला सपाट. पाणी मारलं नाही, रोलर फिरवला नाही. खो-खोत आपण जमिनीकडं बघून पळत नाही, समोरचीची कंबर बघून पळतो. ती कुठं वळणार हे कंबर आधी सांगते. सरावात आमची सगळ्यात चपळ पोरगी खो-खोच्या खांबाजवळून वळली आणि तिचा उजवा पाय घोट्याच्या वरपर्यंत आत गेला. अंग पुढं गेलं, पाय तिथंच. ढेकूळ फुटल्यासारखा आवाज आला, म्हणून आम्हाला वाटलं मातीचाच असेल. रिक्षात घालून मिरजेला नेलं. लिगामेंट. ती परत खेळली नाही. तिच्या जागी राखीवमधली एक आली, म्हणून बाराचा आकडा तसाच राहिला.

आठ दिवसांनी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा त्याच ग्राउंडवर होत्या. बक्षीस समारंभाचे पाहुणे म्हणजे ज्यांची सभा होती तेच. (नाव लिहीत नाही. ते आता हयात नाहीत, आणि खड्डे काही त्यांनी स्वतः खणले नव्हते.) आम्ही ठरवलं, घोषणा द्यायच्या नाहीत, निवेदन द्यायचं नाही. दंडाला काळी फीत बांधून फायनल खेळायची आणि तशीच बक्षीस घ्यायला जायचं.

फायनल हरलो. उपविजेतेपदाची ट्रॉफी घ्यायला गेलो, तर पाहुण्यांनी फिती बघितल्या आणि खरोखर काळजीनं विचारलं, "काय झालं, कोण गेलं का?"

कॅप्टन म्हणाली, "ग्राउंड गेलं, साहेब."

ते हसले, फोटो काढून घेतला आणि गेले. चिडले ते जिमखान्याचे सर. "खेळायला आलाय का राजकारण करायला?" हे वाक्य मी त्यानंतर इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, की ते कुठल्यातरी परिपत्रकात छापून येत असावं. आमच्यातल्या तिघींचे विद्यापीठ संघाच्या निवड चाचणीचे फॉर्म जायचे होते. प्राचार्यांच्या सहीशिवाय ते कोल्हापूरला जात नाहीत. सही अडली. माफीनामा द्या, म्हणाले. माझं अक्षर चांगलं, म्हणून सगळ्यांचे माफीनामे मीच लिहिले: "सदर कृत्य अजाणतेपणी घडले असून यापुढे असे वर्तन होणार नाही." अजाणतेपणी! छत्री कापायला सव्वा तास लागला होता. कॅप्टननं सही केली नाही. तिचा फॉर्म गेला नाही. माझा गेला.

आता मी मार्केट यार्डात हळदीच्या एका आडतीवर हिशेब लिहिते आणि सकाळी सहा ते आठ मुलींना खो-खो शिकवते. इतक्या वर्षांत एवढं कळलंय की खेळाडूचं तोंड धाकापेक्षा कागदानं बंद होतं. सहभागाचा दाखला, बोनाफाईड, दहावी-बारावीचे क्रीडा गुण, पुढं सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण. यातला प्रत्येक कागद कुणाच्या तरी टेबलावरून जातो. पोरगी शेतमजुराची असेल तर तो कागद म्हणजे तिचं अख्खं आयुष्य. तिला राज्यघटनेतलं कलम १९, म्हणजे बोलण्याचं स्वातंत्र्य, समजावून सांगायच्या आधी तो कागद कुणाच्या ड्रॉवरमध्ये आहे ते विचारावं लागतं.

माझा भाचा अमेरिकेत शिकून आला. त्याला मी ही फितींची गोष्ट सांगितली तर म्हणाला, "मावशी, तिकडं कागदाच्या जागी स्कॉलरशिप असते." त्यानं मला वायोमिंग विद्यापीठाच्या १४ खेळाडूंबद्दल सांगितलं, मग रात्री बसून मी बाकीचं वाचून काढलं. १९६९ चा ऑक्टोबर. फुटबॉल, म्हणजे त्यांचा तो अंड्यासारख्या चेंडूचा. समोरचा संघ मॉर्मन चर्चच्या विद्यापीठाचा, आणि त्या चर्चमध्ये तेव्हा कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य मिळत नसे. वायोमिंगच्या संघातले चौदा कृष्णवर्णीय खेळाडू दंडाला काळ्या फिती बांधून कोचशी बोलायला गेले. मॅचमध्ये बांधू का, हे विचारायला. कोचनं चौदाच्या चौदा जणांना संघातून काढलं. मॅच त्यांच्याशिवाय झाली आणि वायोमिंगनं ती ४०-७ अशी जिंकली.

हा आकडा वाचून मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर, हरायला पाहिजे होते असं वाटलं. पुढच्या वर्षी हरले. १९७० च्या हंगामात दहातली एकच मॅच जिंकली आणि कोच गेला. मुलं कोर्टात गेली, तिथंही हरली. विद्यापीठानं माफी मागितली २०१९ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी. आमचा माफीनामा आठ दिवसांत मागितला होता.

तिथंही कोर्टाच्या बाबतीत एक मेख आहे. सरकारी विद्यापीठ म्हणजे सरकार, त्याला राज्यघटना लागू. खासगी क्लब किंवा लीगला ती तशी लागू होत नाही. म्हणून कॉलेजच्या पोराला निदान कोर्टात उभं राहता येतं, लाखो डॉलर घेणाऱ्या व्यावसायिक खेळाडूला त्या मुद्द्यावर तेही जमत नाही. आणि कधीकधी कोर्टाची गरजच पडत नाही. २०१५ मध्ये मिसुरी विद्यापीठाचे फुटबॉलपटू म्हणाले, वंशभेदाच्या तक्रारींकडं डोळेझाक करणारे अध्यक्ष जाईपर्यंत आम्ही खेळणार नाही. शनिवारी म्हणाले, सोमवारी अध्यक्षांनी राजीनामा दिला. पुढची मॅच रद्द झाली असती तर विद्यापीठाला १० लाख डॉलर भरावे लागले असते. आमच्या खो-खोची मॅच रद्द झाली असती तर फार तर चहावाल्याचं नुकसान.

मेक्सिको ऑलिंपिकचा १९६८ चा तो फोटो सगळ्यांनी बघितलेला असतो, काळे हातमोजे घालून मुठी वर केलेले दोघं कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटू. तेही कॉलेजमध्ये शिकणारेच. एक जण आपले हातमोजे विसरला होता, म्हणून एकच जोड दोघांत वाटून घेतली, एकानं उजवा, एकानं डावा. मला त्या फोटोतलं हेच सगळ्यात आवडतं. आपली छत्री आठवते.

आपल्याकडं खाशाबा जाधवांचं नाव घेऊन "खेळाडू कसा असावा" हे ऐकवतात. १५ जानेवारीला, त्यांच्या जयंतीला, राज्य क्रीडा दिनाची भाषणं होतात. कऱ्हाडजवळचं गोळेश्वर, हेलसिंकी १९५२, कांस्यपदक, बैलगाड्यांची मिरवणूक. पण हेलसिंकीच्या संघातून आपल्याला डावललं जातंय म्हटल्यावर ते गप्प बसले नव्हते, थेट पतियाळाच्या महाराजांपर्यंत दाद मागायला गेले होते. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगतांना त्यांनी मदत केली, असंही सांगतात. ही वाक्यं भाषणात येत नाहीत. आल्यास पहिल्या रांगेतल्या खुर्च्या चुळबुळतील.

२०२३ च्या मे महिन्यात आमचं उन्हाळी शिबिर चालू होतं. दिल्लीत जंतरमंतरवर पैलवान मुली बसल्या होत्या, कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करून. २८ तारखेला पोलिसांनी त्यांना उचललं, ३० तारखेला त्या पदकं गंगेत सोडायला हरिद्वारला गेल्या. हा कुस्तीचा मुलूख, घरोघरी तोच विषय. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दोन मुली काळ्या फिती घेऊन आल्या. सॅटिनच्या, दुकानातून आणलेल्या, सगळ्यांना पुरतील एवढ्या. "ताई, बांधू?"

तासाभरात पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटला. एक जण, "शिबिराची फी राजकारणासाठी दिलेली नाही." दुसरे, "आमच्या पोरीवर उद्या अशी वेळ आली तर ताई गप्प बसणार का?" मला दोघांचंही पटत होतं, आणि ही फार वाईट अवस्था असते. पण मला फिती वाटणाऱ्या दोघींची भीती नव्हती. त्या दोघी, "तू नाही बांधत? का गं?" असं विचारत रांगेतून फिरत होत्या, त्याची होती.

कारण २००४ मध्ये फिती बारा आणि दंड अकरा होते.

बारावी राखीवमधली नव्हती, जुनी होती, आणि खड्ड्यात पडलेलीची जवळची. फायनलच्या सकाळी तिनं फीत हातात घेतली, घडी केली आणि माझ्या पिशवीत परत ठेवली. "मी नाही बांधत." कारण विचारलं तर सांगितलं नाही. आम्ही तिला शिवी दिली नाही, भांडलोसुद्धा नाही. फक्त फायनलमध्ये आमची पाठलागाची पाळी आली तेव्हा ती पाटीवर बसली होती आणि तिला कुणी खो दिला नाही. खो-खो ज्यानं खेळलाय त्यालाच हे कळेल. पळणारी तिच्या अगदी समोरून जातेय, ती हात टेकून, टाच उचलून तयार आहे, मागून आमच्यातली एक येते आणि तिच्या पाठीवरून पुढं जाऊन पलीकडचीला खो देते. पुन्हा. पुन्हा. बाहेर बसलेल्यांना वाटतं, डावपेच असेल. आम्ही हरलो ते त्याच्यामुळंच, ग्राउंडमुळं नव्हे.

तिचे वडील त्याच पाहुण्यांच्या संस्थेत हंगामी होते, त्या वर्षी कायम व्हायचे होते. हे मला चार वर्षांनी कळलं.

व्हर्जिनियातल्या एका सरकारी विद्यापीठातली गोष्ट भाच्यानंच सांगितली. २०२० मध्ये तिथल्या मुलींच्या फुटबॉल संघानं (हा आपला गोल चेंडूचा) वंशभेदाविरुद्ध मॅचआधी गुडघा टेकला. न टेकता उभी राहिलेली एक मुलगी, मग कोचनं आपल्याला बेंचवर बसवलं, असं म्हणत कोर्टात गेली. शेवटी एक लाख डॉलरवर तडजोड झाली. ऐकताना मी ताबडतोब त्या मुलीच्या बाजूनं झाले, आणि मग माझी मलाच लाज वाटली. आपल्या सुप्रीम कोर्टानं तर १९८६ मध्येच केरळच्या तीन भावंडांच्या बाबतीत सांगून ठेवलंय. राष्ट्रगीताला ती आदरानं उभी राहायची, गायची नाहीत, म्हणून शाळेनं काढलं होतं. कोर्टानं परत घ्यायला लावलं. गप्प राहणं हाही बोलण्याचाच हक्क.

तर त्या सकाळी मी मुलींना एवढंच म्हटलं, "ज्यांना बांधायची त्यांनी बांधा. कुणी कुणाला का विचारायचं नाही. आणि आज प्रत्येकीला खो मिळाला पाहिजे, मी मोजणार आहे." सातजणींनी बांधली. मी खरंच वहीत रेघा मारत बसले. दोन पालकांनी पोरी शिबिरातून काढल्या, एकीनं फीत बांधली होती, दुसरीनं नव्हती.

त्या रात्री मी बारावीला फोन लावला. ती आता विट्याला असते. तिच्या मुलाची दहावी, तिच्या सासूबाईंचे गुडघे, सगळं बोलून झालं, मग मी फायनलचा विषय काढला. ती म्हणाली, "अगं, एकदा मिळाला होता की खो. तूच दिला होतास. मला वाटलं, चुकून दिलास."

मी म्हटलं, "हो. चुकूनच."