इसापो-मुक्सिका: एका नावाचा वारसा

कॅनडातील कॅल्गरी शहराच्या वायव्य भागात ‘क्रोफूट’ नावाचे रेल्वेस्थानक आहे. येथे नव्याने आलेले आपले लोक त्याचा अर्थ ‘कावळ्याचा पाय’ असा लावून मोकळे होतात. परंतु ब्लॅकफूट या तेथील मूलनिवासी लोकांच्या ज्या पुढाऱ्याच्या नावावरून ते आले, त्याचा कावळ्याशी काही संबंध नव्हता. त्याचे नाव इसापो-मुक्सिका, म्हणजे ‘क्रो माणसाचे मोठे पाऊल’. क्रो ही ब्लॅकफूट लोकांची जुनी वैरी जमात, आणि ‘क्रोफूट’ हे दुभाष्यांनी केलेले आखूड रूप.

हा पुरुष १८३० च्या सुमारास कायनाई या ब्लॅकफूट लोकांपैकीच एका जमातीत जन्मला. क्रो लोकांशी झालेल्या चकमकीत वडील मारले गेल्यावर आईने सिक्सिका या दुसऱ्या ब्लॅकफूट जमातीतील पुरुषाशी लग्न केले आणि मुलगा तिच्याबरोबर तिकडे गेला. तेथे त्याला ‘अस्वलाचे भूत’ असे नाव मिळाले, जाणता झाल्यावर दिवंगत वडिलांचे नाव त्याच्याकडे आले, आणि क्रो लोकांवरील स्वारीत पराक्रम गाजवल्यानंतर इसापो-मुक्सिका हे पूर्वजाचे नाव त्याला देण्यात आले. आपल्याकडेही नातवाला आजोबांचे नाव ठेवतात, पण ते बारशालाच आयते मिळते. येथे ते कमवावे लागे. ज्या मोठ्या पावलाचा त्यात उल्लेख आहे, ते अर्थातच त्याचे स्वतःचे नव्हे.

स्त्रियांची नावे सहसा आयुष्यभर तीच राहत, आणि त्यांतही घराण्याचा इतिहास असे. मुलीचे नाव ठेवणारा वडीलधारा पुरुष अनेकदा स्वतःच्या युद्धातील प्रसंग तिच्या नावात गुंफी, त्यामुळे कधी रणात न उतरलेल्या बाईचे नावही लढाईची आठवण सांगे. क्रोफूटच्या आईच्या नावाचा अर्थ ‘घराच्या दिशेने हल्ला झालेली’ असा होता.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती पाउंडमेकरची हकिकत. १८७३ मध्ये क्री या शत्रू जमातीच्या लोकांशी लढताना क्रोफूटचा मुलगा मारला गेला. पुढे समेट झाल्यावर त्याच्यासारखाच दिसणारा पाउंडमेकर हा क्री तरुण क्रोफूटने मुलगा मानला आणि त्याला ‘लांडग्याचे बारीक पाय’ या अर्थाचे ब्लॅकफूट नाव मिळाले. शत्रूच्या घरचा मुलगा असा नावानिशी कुटुंबात आला.

२२ सप्टेंबर १८७७ रोजी ब्लॅकफूट क्रॉसिंग येथे ब्रिटिश राजसत्तेशी झालेल्या ‘सातव्या करारा’वर (ट्रीटी ७) क्रोफूटने संमतीची खूण केली. त्यानंतरच्या काळात सरकारी नोंदवह्यांना प्रत्येक घराला एक ठरीव आडनाव हवे होते, म्हणून एकेका पूर्वजाचे नाव, बहुधा इंग्रजी भाषांतरात, साऱ्या वंशजांना कायमचे चिकटले. मूलनिवासी मुलांना घरापासून दूर ठेवणाऱ्या निवासी शाळांनी तर मुलांची मूळ नावेच काढून घेतली. जून २०२१ मध्ये कॅनडा सरकारने पासपोर्टवर मूळ नाव विनाशुल्क परत लावून घेण्याची सोय जाहीर केली. मात्र ते रोमन अक्षरांतच लिहावे लागते.