खानापूरच्या अंगणातले सॅपर

बेळगावात फौजेचा विषय निघाला की आधी नाव येतं मराठा लाइट इन्फंट्रीचं. त्यांचं सेंटरच तिथे आहे, त्यामुळे तक्रार नाही. पण माझे काका खडकीचे, म्हणजे बॉम्बे सॅपर्सचे. सॅपर म्हणजे फौजेसाठी वाटा करणारे, सुरुंग काढणारे इंजिनिअर जवान. "पायदळ चालतं ती वाट कोण करतो?" हे ते चहा पिता पितासुद्धा ऐकवतात.

डिसेंबरात त्यांच्या कंपनीतल्या जुन्या मंडळींचा मेळावा खानापूर तालुक्यात ठरला आणि कोल्हापुराहून काकांना घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. तवंदी घाटात धुकं होतं. संकेश्वरच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरांनी गाडीला दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ दिलं नाही. बेळगावात न थांबता गोव्याच्या रस्त्याला लागलो. खानापूर जवळ आलं तशी माती तांबडी झाली. भात कापून झालेलं, खळ्यांवर मळणी चाललेली. ऊन वर आल्यावर पोचलो.

"उभा का राहूलास? बस की!" घरच्या मावशींनी पाट पुढे सरकवला. अंगणात मांडव, खाली सतरंज्या. कुणी चंदगडहून आलेलं, कुणी गडहिंग्लजहून, कुणी इथलेच. एक हवालदार गोकाकचे, कानडी घरातले. मराठी त्यांना खडकीनं शिकवलं, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात निम्मी पुण्याची ऐट.

टेबलावर हार घातलेला एकच फोटो, बॉम्बे सॅपर्सच्याच रामा राघोबा राणे यांचा. घाटाखालच्या कारवारजवळच्या चेंडियाचे, त्यामुळे या भागात ते आपलेच. एप्रिल १९४८ मध्ये जम्मूतल्या नौशेरा-राजौरी रस्त्यावर ८ ते ११ तारखेपर्यंत सुरुंग काढत, पाडलेली झाडं हटवत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. त्यासाठी परमवीरचक्र मिळालं, तेही हयातीत. २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव दिलं. पण काम सुरू व्हायच्या आधीच उखळी तोफांचे गोळे पडून त्यांच्या तुकडीतले दोन जण गेले आणि राण्यांसह पाच जण जखमी झाले. "त्या दोघांची नावं सांग बघू," काका म्हणाले. मला येत नव्हती. मांडवातही कुणाला आली नाहीत.

म्हणूनच असेल, पण स्वतःच्या कंपनीची यादी ही मंडळी फार काटेकोरपणे वाचतात. १९७१ च्या लढाईत गेलेल्या प्रत्येकाचं नाव, गाव, तालुका. सुभेदारसाहेबांनी एका नावापुढे इदलहोंड म्हणताच मागून आवाज आला, "इदलहोंड नव्हे साहेब, सिंगीनकोप. इदलहोंड त्याचं आजोळ." वाचन थांबलं, वहीत दुरुस्ती झाली, मग पुढचं नाव. भाषण कुणीच केलं नाही. मला ते फार बरं वाटलं. आपल्याकडे हार घातला की माईक लागतोच.

जेवणाआधी गोकाकच्या हवालदारांनी सायकलची तार घेऊन अंगणाच्या कडेला मला सुरुंग शोधायला बसवलं. तार उभी खुपसायची नाही, तिरकी घालायची. सुरुंगाची कूस लागली पाहिजे. माथ्यावर दाब पडला की संपलं. वीतभर जागा तपासायची, मग पुढची. प्लास्टिकच्या सुरुंगात धातू नावाला असतो, यंत्र हमखास वाजेलच असं नाही, म्हणून शेवटी हातच. हे सगळं रात्री, पालथं पडून, वरून तोफा चालू असताना. मागे पांढरी फीत अंथरत जायची आणि त्या फितीवर भरवसा ठेवून रणगाडे येणार. बसंतर नदीवर तर डिसेंबर १९७१ मध्ये सुरुंग पुरते काढून व्हायच्या आतच पूना हॉर्सचे रणगाडे त्या पट्ट्यात घुसले होते. माझी मांडी पाच मिनिटांत अवघडली. हवालदार अजून उकिडवेच.

जेवणात भात, आमटी, वांग्याची भाजी, वर बेळगावचा कुंदा. पंगत उठल्यावर मात्र खरं काम निघालं. कुणाच्या वीरपत्नीचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात राहिलाय, कुणाच्या अंगठ्याचा ठसा मशीन घेत नाही, कुणाच्या नावात एका कागदावर 'बाई' आहे आणि दुसऱ्यावर नाही. त्यात सीमेचं त्रांगडं: पेन्शन केंद्राची, पण राज्याच्या सवलती वेगळ्या. चंदगडच्या बाईंचा अर्ज मराठीत, खानापूरच्या बाईंचा कानडीत, दोघींचे नवरे एकाच ट्रकमधून गेलेले. मराठी अर्ज काका भरतात, कानडी गोकाकचे हवालदार. मला विचाराल तर सकाळच्या हारापेक्षा श्रद्धांजली ती हीच, पण हे तिथे बोललो असतो तर काकांनी गप्प बसवलं असतं.

पुढचा मेळावा चंदगडला की गडहिंग्लजला, यावर तासभर वाद झाला. काजूच्या हंगामात चंदगडला नको, एवढंच ठरलं. निघताना सुभेदारसाहेब पिशवी घेऊन गाडीजवळ हजर. राहिलेल्या दाखल्यांपैकी एक नंदगडचा होता. आमचा रस्ता उलट्या दिशेचा, पण काकांनी आधीच मागचं दार उघडून दिलं होतं.