'एस्ता' की 'एस्ते': काळजीच्या एका वाक्यावर गेलेले तीन आठवडे

मी स्पॅनिश शिकते आहे. मागील नोंदीत 'मे गुस्तान लोस मांगोस' आणि 'मला आंबे आवडतात' यांची जोडी जुळली होती, म्हणून काळजी, भीती, आश्चर्य ही प्रकरणे आठवडाभरात हातावेगळी होतील असे मी धरून चालले होते. 'मला कुत्र्यांची भीती वाटते' यातले क्रियापद भीतीला धरून चालते, स्पॅनिशमधले मात्र कुत्र्यांना, आणि म्हणून 'मे दान मिएदो लोस पेर्रोस' असे अनेकवचन येते. एवढे चार दिवसांत अंगवळणी पडले.

खरी अडचण पुढे आली. 'आई आजारी आहे याची मला काळजी वाटते' हे मी 'मे प्रेओकूपा के मि माद्रे एस्ता एन्फेर्मा' असे लिहीत राहिले आणि उजळणीत दर वेळी चुकत राहिले, कारण तेथे 'एस्ता' (आहे) नव्हे, तर 'एस्ते', म्हणजे सुबखुंतीवो (इच्छा, शंका, भावना यांमागे येणारे क्रियापदाचे वेगळे रूप), हवा असतो. उलट 'एस्तोय प्रेओकुपादा पोर्के मि माद्रे एस्ता एन्फेर्मा' (मी काळजीत आहे, कारण आई आजारी आहे) हे निर्दोष आहे. आजार तोच, त्याची खात्रीही तीच. मग रूप का बदलावे? 'सुबखुंतीवो म्हणजे शंका' या पाठ केलेल्या सूत्राला येथे जागाच नव्हती.

उत्तर मंगळवारी माझ्याच तोंडून निघालेल्या एका वाक्यात सापडले: 'त्याने असे बोलावे याचे मला वाईट वाटते.' तो बोलून गेलेला आहे, शंका कसलीही नाही, तरी आपण 'बोलावे' म्हणतो, कारण त्याचे बोलणे ही बातमी नसते. ते दोघांनाही ठाऊक असल्याचे धरून आपण त्यामुळे झालेले दुःख सांगत असतो. 'मे दुएले के आब्ले आसी' याची घडण नेमकी हीच आहे. 'पोर्के' मात्र घटना कारण म्हणून ठामपणे मांडते, म्हणून त्यापुढे साधे रूप येते. त्या संध्याकाळी 'मे सोर्प्रेंदे के' (मला आश्चर्य वाटते की) आणि 'मे दा राबिया के' (मला राग येतो की) यांची तीस वाक्ये एकही चूक न होता लिहून झाली, आणि वही मिटताना मला फार समाधान वाटले.

काळजीने मात्र पुन्हा अडवले. 'मे प्रेओकूपा के से काइगा' याचे मराठी 'तो पडेल याची काळजी वाटते' असेच होते. 'पडावा' म्हटले की ती इच्छा ठरते. म्हणजे घडून गेलेल्या गोष्टींसाठी 'आवे'चा आधार घ्यायचा आणि पुढच्या भीतीसाठी स्पॅनिश कानच तयार करायचा. त्यातही 'तेमो के से काइगा' (तो पडेल अशी मला भीती वाटते) आणि 'मे तेमो के नो एस पोसिब्ले' (ते शक्य नाही असे वाटते) यांत फरक आहे: दुसऱ्यात भीती उरलेली नाही, नकार सौम्यपणे सांगितला आहे, म्हणून 'एस' हे साधे रूप चालते. अशा शंकांसाठी स्पॅनिश अकादमींचा २००५ चा 'दिक्सिओनारियो पानिस्पानिको दे दुदास' हा कोश मला शब्द पाठ करण्याच्या तयार पत्त्यांच्या (फ्लॅशकार्डांच्या) संचांपेक्षा कितीतरी उपयोगी वाटतो. त्या संचांत 'प्रेओकुपार' (काळजी वाटणे) एकटेच असते, त्यामागे काय येते ते नसते.

आंकी या उजळणीच्या अॅपमधले पत्ते भावनांनुसार लावण्याचा माझा बेत होता. ही नोंद लिहितानाच तो बदलला: आता एकाच घटनेचे दोन पत्ते शेजारी असतील, एक 'पोर्के'चा आणि एक 'के'चा. पहिली जोडी आईच्या आजाराचीच केली आहे.