डोंगरावरचे शहर आणि मातीचा तवा

मोन्ते अल्बान हे मेक्सिकोतील प्राचीन शहर म्हटले की बहुतेकांना आठवते ते तेथील 7 क्रमांकाच्या थडग्यातील सोने. 1932 साली पुरातत्त्वज्ञ अल्फोन्सो कासो यांना ते सापडले आणि त्याचा गाजावाजा अजून ओसरलेला नाही. गंमत अशी की ते सोने हे शहर वसवणाऱ्या झापोटेकांचे नव्हेच. शहर ओस पडल्यावर कित्येक शतकांनी मिश्तेक लोकांनी ते जुने थडगे उघडून आपल्या मृतांसाठी पुन्हा वापरले. शहर उभे कसे राहिले हे जाणून घ्यायचे असेल, तर सोन्यापेक्षा साध्या मातीच्या तव्याकडे पाहावे, असे मला वाटते.

दक्षिण मेक्सिकोतील वाहाका खोऱ्याच्या तीन शाखा जेथे मिळतात, तेथील डोंगरमाथ्यावर इ.स.पू. 500 च्या सुमारास ही वस्ती सुरू झाली. माथा खोऱ्यापासून सुमारे 400 मीटर उंच आहे. मी बसने वर गेलो आणि तरीही दमलो. बांधणाऱ्यांकडे ना ओझ्याचे जनावर होते, ना गाडी, ना लोखंडी हत्यार. जे काही वर गेले ते माणसांच्या पाठीवरूनच. तरीही त्यांनी माथा सपाट करून सुमारे 300 मीटर लांबीचा चौक काढला, आणि मध्ये उरलेले कातळाचे उंचवटे फोडत न बसता त्यांच्याभोवतीच इमारती रचल्या. हा काटकसरीचा हिशेब मला फार आवडला. दगडमातीच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा असे. उतारावर मजग्यांसारखे दोन हजारांहून अधिक सपाट पट्टे काढलेले आहेत. त्यांवर अंगणाभोवती खोल्या असलेली कच्च्या विटांची घरे होती आणि घरातले मृत बहुधा घराखालीच पुरले जात.

शहर वाढू लागले त्याच काळात तेथील खापरांत कोमाल दिसू लागतो. कोमाल म्हणजे मातीचा पसरट तवा, वरून गुळगुळीत, खालून खडबडीत. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, टरफल सुटले की दगडी पाट्यावर वाटायचा आणि त्याची तोर्तिया, म्हणजे पातळ भाकरी, तव्यावर भाजायची. काही अभ्यासकांचे म्हणणे असे की, घराबाहेर दिवसभर राबणाऱ्यांना बांधून नेता येईल असे अन्न हवे होते, म्हणून तवा आला. भाकरी फडक्यात बांधून शेतावर जाणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही शिदोरीची गोष्ट चटकन पटेल. शिवाय भिंतीला लागणारा चुना तोच, मक्याला लागणारा तोच. आजही वाहाकात तव्यावर चुन्याचे पाणी फिरवतात, म्हणजे तोर्तिया चिकटत नाही.

याच खोऱ्यातील सान मार्कोस त्लापासोला गावात झापोटेक बायका आजही चाकाशिवाय तांबड्या मातीचे कोमाल घडवतात. माती सारखी करायला त्यांच्या हातात असते ते दाणे काढून घेतलेले मक्याचे कणीस.